राखणीचा दोरा

आमच्या घरात भुताखेतांना प्रवेश नाही, हे आधीच सांगते. माझे बाबा प्रेमानंद छप्पन साली सहा वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी दीक्षाभूमीवरची ती सगळी गर्दी पाहिली होती. तेव्हापासून घरातून जे काही बाहेर गेलं त्यात अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची हे सगळं गेलं. वर मी गणिताची मास्तरीण. एकोणतीस वर्षं पोरांना सांगत आले, की उत्तर आलं म्हणजे झालं नाही, रीत दाखवा. म्हणून इथे मी रीत दाखवणार आहे. उत्तर तुम्हाला पटो न पटो.

हुडकेश्वरच्या घरात आम्ही तिघं राहायचो. माझी मोठी बहीण प्रेमिला, तिचे यजमान बळीराम भाऊजी आणि मी. मी लग्न केलं नाही, त्यांना मूलबाळ झालं नाही, तेव्हा हिशोब जुळला होता. भाऊजींचं रामदासपेठेत चष्म्यांचं दुकान होतं. रोज सकाळी नऊला स्कूटर काढायचे, संध्याकाळी सहाला फाटकाशी स्कूटरचं स्टँड खडखडायचं, की ताई चहाचं आधण ठेवायची.

ताईला विणकामाचा नाद. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी शाल विणायला घातली. तिकोनी, जाळीची, दोन रंगांत. हळदी आणि राखाडी. रंग भाऊजींनी निवडले होते, म्हणाले, "भावनाचा स्वभाव राखाडी आहे, थोडी हळद लागू द्या." तिकोनी शाल मानेपाशी सात टाक्यांनी सुरू होते आणि दर दोन ओळींना चार टाके वाढतात. ताई रोज दोनच ओळी विणायची. एक दिवस हळदी पट्टा, दुसऱ्या दिवशी राखाडी. म्हणजे पट्टे मोजले की दिवस कळायचे. तारेने जोडलेल्या एका गोल सुईवर महिनेच्या महिने चढत गेले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जाळीच्या विणीत चूक झाली आणि उसवायला गेलं, तर टाके भराभरा गळतात, कुठे थांबायचं ते कळत नाही. म्हणून चांगली विणणारी बाई मधेच एका ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून पांढरा सुती दोरा ओवून ठेवते. पुढचं सगळं उसवलं तरी वीण त्या दोऱ्यावर येऊन थांबते. ताई त्याला राखणीचा दोरा म्हणायची. छत्तिसाव्या पट्ट्यावर तिने तो घातला, कारण सदतिसाव्यापासून पानांची नवी नक्षी सुरू होणार होती.

विणायला तिनेच मला शिकवलं, पण माझ्या हाताला तिने कधी बरं म्हटलं नाही. "तुहा हात किती घट्ट वं. लोकर आहे का दोरखंड? सैल सोड थोडी." मी आवळून विणते, ती ऐसपैस. दोघींनी तेवढेच टाके विणले, तर माझं काम चार बोटं लहान भरतं.

सदतिसाव्या पट्ट्याच्या दिवशी भाऊजी गेले.

त्या सकाळी सव्वासातला मी शाळेत निघाले होते. भाऊजी फाटकाशी आले आणि हळूच म्हणाले, छातीत दुखून राहिलं, पण प्रेमिलाले सांगू नको, ती घर डोक्यावर घेईल. मी म्हणाले, दवाखान्यात जा. ते म्हणाले, दुकानाच्या चारी बाजूंना दवाखानेच आहेत, जातो. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मोबाइलवर मेसेज आला: 'अजून दुखून राहिलं. दुकानात बसलो. प्रेमिलाले सांगू नको.' मी नववीच्या वर्गावर होते. मी उत्तर लिहिलं: 'बरं.' एवढंच. दीड वाजता ते दुकानातल्या खुर्चीतच गेले, चारी बाजूंनी दवाखाने असताना.

खरं सांगायचं तर मी घाबरले नव्हते. उलट मला आतून बरं वाटलं होतं, की त्यांनी बायकोला नाही, मला सांगितलं. माणसाची हौस कशी हलकी असते पाहा. मी ते ताईला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुण्यानुमोदनाला सगळे आदरांजली वाहायला जमले तेव्हा नाही, नंतरही नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणायची, "आता तूच आहे वं मले." आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहायचे.

विणकाम मात्र तिने सोडलं नाही. घरात माणसं भरलेली असतानाही ती कोपऱ्यात बसून आपल्या दोन ओळी पुऱ्या करायची. बायका कुजबुजायच्या. मला ते समजत होतं. हात थांबले असते, तर ती कोसळली असती.

डिसेंबरात एकोणऐंशीव्या पट्ट्याच्या दिवशी तिने फोटो काढायला भाऊजींचा मोबाइल चार्ज केला. त्यात तिला ते दोन मेसेज दिसले. तिने मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलू लागले, तर ती उठून आत गेली. त्या क्षणापासून तिचं माझ्याशी बोलणं बंद. रडणं नाही, भांडण नाही. ताट वाढायची, ताट उचलायची. आठ दिवस मी त्या घरात भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होते. माझ्या शालीच्या दोन ओळी ती रोज विणत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मला ते सोसवेना. शिवी दे, हाकलून दे, पण बोल.

रविवारी दुपारी ती पलंगावर पडली होती. शाल खुर्चीवर होती. मी उचलून पाहिली आणि मला सदतिसाव्या पट्ट्यात चूक दिसली. दुकानातून फोन आला तेव्हा ती मधल्या शिरेपाशी, म्हणजे शालीच्या मध्यरेषेवर, असणार. तिथे जाळीचं एक भोक घालायचं राहिलं होतं, आणि तिथून पुढची सगळी पानं एका टाक्याने सरकली होती. पन्नास पट्टे सरकलेले. माझ्या डोक्यात एक दुष्ट विचार आला. हे उसवलं तर ती चिडेल. चिडली तर बोलेल. मी सुई काढून घेतली आणि लोकर ओढली.

टाके सुटण्याचा एक बारीक आवाज असतो, टरटर असा. आधी राखाडी, मग हळदी, पुन्हा राखाडी. मी दोन गुंडे करत गेले. लोकर वळ्या-वळ्यांची येत होती. विणलेल्या लोकरीत टाक्यांचे वळ राहतातच. मधेच मी ताईकडे पाहिलं. झोपेत तिच्या कपाळावरची आठी हलत होती. मी ओढत होते आणि आठी उलगडत होती. खोटं वाटेल, पण मी हात थांबवला तेव्हा तीही थांबली. मला वाटलं, खिडकीतल्या उन्हाचा खेळ असेल. सदतिसावा पट्टा सुटताना लोकर बोटांना गार लागली, ओली नाही, गार. मग वीण राखणीच्या दोऱ्यावर येऊन थांबली. मी दोऱ्यावरचे एकशे एक्कावन्न टाके सुईवर चढवले आणि शिवीची वाट पाहत बसले.

पाच वाजता ताई उठली, केस बांधले आणि मला म्हणाली, "भावना, चहा ठेवतं का वं? त्याईची यायची वेळ झाली."

मला एवढा आनंद झाला, की पहिल्या वाक्यापुढचं दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही.

"अन् काहून एवढी थंडी पडली वं?" ती शाल पांघरत म्हणाली. "दिवाळी होऊन पंधरा दिवस नाई झाले तं हे हाल!"

मग मला दुसरं वाक्य ऐकू आलं. मी आत जाऊन भाऊजींच्या फोटोवरचा हार काढला, फोटो काढला, दोन्ही माझ्या साड्यांखाली ठेवलं. डॉक्टरला दाखवायला हवं होतं, हे मलाही कळतं. धक्क्याने माणसं विसरतात. पण ती स्वयंपाकघरातून मला हाका मारत होती. आठ दिवसांनी माझं नाव त्या घरात ऐकू येत होतं. मी म्हटलं, उद्या दाखवू.

"आज उशीर होईल म्हणाले भाऊजी," मी सांगितलं. "तू जेवून झोप."

तिने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि झोपली. सकाळी म्हणाली, "आले होते ना, उशिराच आले. तू झोपली होती. सकाळी लवकर गेले." झाकलेलं ताट घासून पालथं घातलेलं होतं. तिनेच रात्री उठून जेवून घेतलं असेल, असं मी ठरवलं.

शाल मी माझ्या शाळेच्या पिशवीत लपवली. तिला सांगितलं, सुईची तार तुटली, नवी आणते. ती विणायला बसली तर काय होईल, हे मला माहीत नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं. शेजारच्या यमुताई विचारपूस करायला आल्या, त्यांना मी फाटकावरूनच परत पाठवलं. "ती झोपली आहे." दुसऱ्या दिवशीही झोपली आहे. यमुताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताईला डांबून ठेवलंय.

भाऊजींची स्कूटर पोर्चमध्ये कव्हराखाली उभी होती. चावी माझ्या पर्समध्ये. तिसऱ्या दिवशी शाळेतून यायला सहा वाजून गेले, पाहते तर कव्हर घडी करून भिंतीवर ठेवलेलं. भाऊजी तसंच ठेवायचे, चौकोनी घडी. ताईला एवढी नीट घडी कधी जमली नाही. मी सहज हात लावला आणि बोट भाजलं. सायलेन्सर गरम होता.

मी गणितवाली बाई. बोट तोंडात घातलं आणि स्कूटरच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. अठरा किलोमीटर वाढले होते. तिसऱ्या दिवशी आणखी अठरा. आमच्या घरापासून रामदासपेठेतलं दुकान नऊ किलोमीटरवर आहे. गुणाकार मी तुमच्यावर सोडते.

शाळेला सुटी टाकून एक दिवस मी पोर्चमध्येच खुर्ची टाकून बसले. दिवसभर काही नाही. सहाला पाच कमी असताना ताईने आतून हाक मारली, दूध उतू चाललं म्हणून. मी आत गेले, गॅस बंद केला, आणि बाहेर स्टँड खडखडलं. मी धावत आले. ताई दारात उभी होती, समोर कोणी नव्हतं, आणि ती हसून म्हणत होती, "आणा ती पिशवी. हातपाय धुवा." तिच्या हातात मटारच्या शेंगांची पिशवी होती. ताज्या, दवाने ओल्या असाव्यात तशा. "घे, सोल," ती मला म्हणाली.

मी सोलल्या. दुसरं काय करणार होते? त्या रात्री आम्ही मटारची उसळ खाल्ली आणि ती चांगली झाली होती. तिसऱ्या ताटाकडे मी पाहिलं नाही.

हे लिहायला लाज वाटते, पण मी त्या दिवसांत सुखात होते. भीती होती, मान्य. न्हाणीघरात जायचे तर दार उघडं ठेवायचे. पण ताई मला चिडवत होती, माझ्या भाजीला नावं ठेवत होती, माझ्या केसांना तेल लावत होती. तिच्या दृष्टीने मी काहीच केलेलं नव्हतं. ज्याला मी मरू दिलं तो रोज सहाला घरी येत होता. चूक खोडली आणि पान कोरं. मी स्वतःला म्हणाले, राहू दे ना असंच. कोणाचं काय बिघडतं?

दहाव्या दिवशी सकाळी ताई भाजी निवडत होती. हातातली जुडी तशीच ठेवून म्हणाली, "भावना, तुले एक सांगू का? त्याईच्या छातीत दुखून राहिलं. रोज रोज दुखते म्हणे. रात्रभर बसूनच राह्यते. मले म्हणाले, भावनाले सांगू नोको."

मी खाली पडलेली देठं गोळा करू लागले.

"आता तुले नाई सांगू तं कोणाले सांगू?" ती म्हणाली. "मी म्हणलं, लपवून काय करता? माणसाच्या जिवापेक्षा मोठं आहे का काही? तू आज त्याईले दवाखान्यात ने वं. तुह्याशिवाय ऐकत नाई ते."

बस्स. इतकं सोपं होतं ते. तिला सांगू नको म्हटल्यावर ती भाजी निवडता निवडता सांगून मोकळी झाली. मी त्रेचाळीस दिवस सांगितलं नव्हतं. पण त्याहून भयंकर गोष्ट माझ्या डोक्यात हळूहळू उतरली. भाऊजींच्या छातीत रोज दुखत होतं. मी त्यांना मरणाच्या अलीकडच्या दिवशी अडकवून ठेवलं होतं. ते दहा दिवस दुखणं घेऊन दुकानात जात होते, नऊ किलोमीटर जाऊन नऊ किलोमीटर येत होते, आणि मला सुख होतं म्हणून त्यांना सुटका नव्हती.

मी पिशवीतून शाल काढली.

पन्नास पट्टे, शंभर ओळी, पंचवीस हजारांवर टाके. शाळेत पाच दिवसांची रजा टाकली, कारण लिहिलं 'कौटुंबिक'. सदतिसावा पट्टा हळदी होता. मधल्या शिरेपाशी आले तेव्हा ते राहिलेलं भोक घालावं की नाही, हा प्रश्न आला. घातलं नाही. ताईने जसं विणलं तसंच विणायचं, चुकीसकट.

तो पट्टा संपला तेव्हा दुपारचा दीड झाला होता. ताई ओट्याशी उभी होती. तिच्या हातातून वाटी पडली. ती पोर्चमध्ये गेली, स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली आणि मग खाली बसली. "भावना," तिने हाक मारली. "हे तं गेले ना वं." मी तिला धरलं. ती नोव्हेंबरात रडली होती तशीच रडली, तेच शब्द, तोच हुंदका. फोटो मी पुन्हा भिंतीवर लावला. मधले दहा दिवस तिला स्वप्न वाटले. "रोज येत होते पाह्य, मटार घेऊन," ती म्हणाली. सहा वाजले, स्टँड खडखडलं नाही. दुसऱ्या दिवशी वहीत आकडा लिहायला गेले, तो तिथेच होता.

मग मी विणत राहिले आणि तिचं दुःख माझ्या सुईवरून तिच्याकडे परत जात राहिलं. पाच दिवसांत तिने सात आठवड्यांचं रडून घेतलं. सकाळी भांडी घासताना रडायची, दुपारी शांत व्हायची, संध्याकाळी म्हणायची, "आता तूच आहे वं मले." हे वाक्य मी एकदा खोटेपणाने ऐकून घेतलं होतं. आता दुसऱ्यांदा ऐकत होते, आणि माझी बोटं चालत होती. कारण पुढे एकोणऐंशीवा पट्टा होता, त्यात तो मोबाइल होता, आणि मला माहीत होतं, की त्या पट्ट्यावर ती पुन्हा माझ्याकडे तसं पाहणार.

एकोणऐंशीवा विणला. ताई म्हणाली, "चहा घेतं का?"

ऐंशी, एक्क्याऐंशी. काही नाही. शहाऐंशीवा पट्टा पुरा केला, सुईवरचे टाके मोजले, तीनशे एक्कावन्न. बरोबर. ताई शेजारी बसून शेंगा फोडत होती, माझ्याशी बोलत होती. आणि माझ्या मांडीवर लोकर उरली होती. लिंबाएवढा हळदी गुंडा, त्याहून थोडा मोठा राखाडी.

मला कळायला वेळ लागला नाही. माझा हात घट्ट. तितकेच टाके, पण लोकर कमी लागली. भाऊजींचं मरण विणलं गेलं, पुण्यानुमोदन विणलं गेलं, थंडी, पाहुणे, रडणं सगळं विणलं गेलं, आणि शेवटचे आठ दिवस तसेच गुंड्यात राहिले. मोबाइल, ते दोन मेसेज, तिचं गप्प राहणं. जे परत जायला नको असं मला मनापासून वाटत होतं, नेमकं तेच उरलं होतं. मुद्दाम केलं असतं तर इतकं अचूक जमलं नसतं.

आणि मी काय केलं? दोन्ही गुंडे पदराखाली घेतले, उठून टेबलाच्या खणात टाकले, आणि खण बंद केला. मोबाइलमधले मेसेज पुसले. रात्री मी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर ताई शाल मांडीवर घेऊन बसली होती. खण उघडा होता.

"पुरी झाली की वं," ती म्हणाली. "तू विणली का पुढची? दिसते, आवळून टाकलं सगळं. चाल, मी टाके बंद करून देतो. अन् एवढी लोकर काहून लपवली? बंद करायले कामी येते ना."

माझ्या काही लक्षात येण्याआधीच तिने राखाडी लोकर सुईला लावली होती. टाके बंद करणं म्हणजे दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उतरवायचा. एक टाका कायमचा मिटतो. तीनशे एक्कावन्न टाके. पहिले वीस-पंचवीस ती गप्पा मारत करत होती. मग गप्पा कमी झाल्या. पन्नासच्या पुढे ती लोकरीकडे बघू लागली, बोटांवरून ती कशी येते ते, जणू एखादा ओळखीचा वास येतोय पण आठवत नाहीये. कपाळावर ती आठी यायला लागली. मी दारात पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी होते.

मी ती लोकर हिसकावून घेऊ शकत होते. म्हणू शकत होते, थांब ताई, मी करते. तिने दिली असती. आणि नाही हिसकावली तर तिला कळणारच होतं, पहिल्यांदा मोबाइलमधून कळलं, आता लोकरीतून कळेल. दोन्ही वेळा माझ्या तोंडून नाही. शंभर टाके झाले होते. दीडशे. ती मधल्या शिरेपाशी पोचत आली होती आणि तिचा हात मंद झाला होता.

"ताई," मी म्हणाले. "त्या दिवशी सकाळी भाऊजींनी मला सांगितलं होतं."

तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही.

मी सगळं सांगितलं. फाटक, सव्वासात, छाती. अकरा वाजून दहा मिनिटांचा मेसेज. मी लिहिलेलं 'बरं'. मला बरं वाटलं होतं तेही सांगितलं, की त्यांनी तुला नाही, मला सांगितलं. काल मेसेज पुसले तेही सांगितलं. उसवलेल्या लोकरीचंही सांगितलं, ते तिला पटलं की नाही मला कळलं नाही. बोलून झाल्यावर मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून गेले होते. बाहेर काही खडखडलं नाही.

ताईने पुन्हा विणायला घेतलं. मी खाली जमिनीवर बसले. उरलेले दोनशे टाके तिने बंद केले, एकेक, आणि मी एकेक मोजला. काळोख पडला तेव्हा मी उठून दिवा लावला, तरी तिने पाहिलं नाही. शेवटच्या टाक्यातून टोक ओढलं, दातांनी तोडलं. राखाडी लोकर जवळजवळ संपली होती. मग तिने शाल झटकली आणि माझ्या अंगावर फेकली.

"मले अर्धं कळलं होतं," ती म्हणाली. "हातातून. पाहून राहिली होती, सांगतं का नाई."

मी शाल मांडीवर गोळा केली.

"घाल. थंडी आहे." ती उठली, दाराशी थांबली. "अन् काही दिवस मले काही विचारू नोको."

ती अजून फारसं बोलत नाही. पण हाक मारते, चहा झाला म्हणून. शाल मी रोज पांघरते. कडेची वीण अर्धी ताईच्या नेहमीच्या हाताची आहे, ऐसपैस, आणि शिरेपासून पुढची अर्धी इतकी आवळलेली, की माझा हातसुद्धा तिच्यापुढे सैल म्हणावा. त्यामुळे शाल सरळ बसत नाही. डाव्या खांद्यावरून सारखी घसरते, आणि मी ती सारखी सावरत असते. छत्तिसाव्या पट्ट्यातला पांढरा दोरा काढायचा राहून गेला होता. परवा कात्री घेऊन बसले, तर ताईने माझ्या हातातून कात्री घेतली, आणि एका टोकाने धरून दोरा स्वतःच ओढून काढला.